गोणींचा काटा

दुकानामागे, खड्या मिठाच्या ढिगाला लागून
गोणी तोलायचा काटा आहे, वडलांच्या वेळचा.
त्याच्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो
तेव्हा बाबल हमाल हसला:
"शेटानु, दोन गोणी भरल्यात!"

शहाण्णव किलो.
एका गोणीत तांदूळ, असं धरू.
दुसरीत काय भरत होतो ते मलाच ठाऊक:
सकाळी चहात खारी,
दहाला क्रीमची बिस्किटं, फुटल्या पुड्यातली
(फुटला पुडा विकता येत नाही, टाकवत नाही,
तो मालकाने खायचा, हा आमचा धर्म),
दुपारी झटपट शिजणाऱ्या पिवळ्या शेवया,
गिऱ्हाईक नसताना वेफर्स,
असताना कोल्ड्रिंक.

गणपती गेले त्या आठवड्यात
नेवगी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून सरकवला,
मी उधारीचं बिल सरकवतो तसा.
"साखर आहे," म्हणाल्या.
"आहे ना, चव्वेचाळीस रुपये किलो."
तोंडातून गेलंच.
त्या हसल्या नाहीत.

त्या रात्री आतून शटर ओढून
मी माझंच दुकान वाचायला बसलो.
चष्मा लावून, पाकिटांच्या पाठी,
मुंगीएवढी अक्षरं.
नारळाच्या बिस्किटात नारळ
यादीत शेवटून दुसरा,
आणि दुकानाच्या परसात तीन माड.
आंब्याच्या बाटलीत आंबा शंभरात अकरा.
बाकीच्या नावांना
वेंगुर्ल्यात कोणी ओळखत नाही.
तीस वर्षं विकलं, एकदा वाचलं नव्हतं.

रेवती काही बोलली नाही.
सकाळी माझ्यापुढे पेज ठेवली, उकड्या तांदळाची,
वर खोबऱ्याचं कातळ, बाजूला लोणच्याची फोड.
दुपारी कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी.
मी विचारलं, हे कधीपासून रांधतेस?
"मी रोज हेच जेवतंय. तू ताटात बघत नव्हतास."

सोपं नव्हतं. पहिले सहा दिवस डोकं दुखलं.
आठव्या रात्री उंदरासारखा उठलो,
अंधारात खारीचा डबा हाताने ओळखला,
दोन खाल्ल्या, चुरा झटकला.
सकाळी रेवतीने केर काढला
आणि चुऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मासळी आणायला आता मी जातो, चालत, बंदरापर्यंत.
सवयीने बांगडा उलटा करून पाहिला
तर इजाबेल ओरडली:
"तारीख खंय बगतंस रे? डोळो बग, डोळो!"
पाहिला.
समुद्रातून नुकता वर आलेला,
माझ्यापेक्षा जागा.

चार महिने झाले. चौदा किलो.
चौदा म्हणजे किती ते कळेना,
म्हणून पोत्यात चौदा किलो साखर भरली, खांद्यावर घेतली,
आणि बंदराच्या वाटेला लागलो.
पिंपळापाशीच दम लागला. बसलो.
हे ओझं घेऊन मी रात्री झोपत होतो,
जिने चढत होतो,
मुलीच्या लग्नात नाचलो होतो.
मग साखर परत आणली
आणि विकली.

हो, विकली.
पाकिटांच्या माळा अजून लटकतात दारात.
बँकेचा हप्ता पेज पिऊन फिटत नाही.
फक्त गल्ल्याशेजारी आता एक टोपली असते,
उकडलेल्या कणग्यांची, सालीसकट,
पाच रुपयाला दोन.
पहिल्या दिवशी एकही गेली नाही,
संध्याकाळी मी आणि बाबलने संपवल्या.

आज शाळा सुटल्यावर केळुसकरांचा शार्दूल आला.
माळेकडे हात नेला,
टोपलीकडे पाहिलं,
पुन्हा माळेकडे.
मी हिशेबाच्या वहीत डोकं घातलं.
वर पाहिलं तेव्हा तो साल सोलत होता.
चावला, विचार केला,
म्हणाला, "मीठ कमी आसा."

मी उठलो.
मिठाचा ढीग मागे होताच.